चार गोरिला, पाच वर्षं दहा महिने

विमानतळावर जिवंत प्राणी पकडल्याच्या बातम्या हल्ली सारख्या येतात. प्रवासी बहुतेक वेळा बँकॉकहून आलेला असतो, बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये काहीतरी वळवळत असतं, कस्टम्सवाले बॅग उघडतात, फोटो निघतात. बातमीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं: प्राणी संबंधित विभागाच्या ताब्यात देण्यात आले असून पुढील तपास सुरू आहे. आमच्या धंद्यात बातमी तिथे संपते. त्या प्राण्याचं पुढे काय होतं, याची कथा खूप लांबलचक असते आणि ती सहसा कुणी छापत नाही. आज ती सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

२०२५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप सापडले. त्यातले ४४ इंडोनेशियातले पिट व्हायपर होते. उरलेले ३ साप भलतेच दुर्मीळ. त्यांच्या शेपटीच्या टोकाला हुबेहूब कोळ्यासारखा दिसणारा भाग असतो. साप दगडात दडून बसतो आणि फक्त शेपटी हलवतो. पक्ष्याला वाटतं कोळी चाललाय, तो झडप घालायला येतो आणि सापाच्या तोंडात जातो. हा साप पश्चिम इराणच्या डोंगरात राहतो. शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं २००६ साली. म्हणजे विज्ञानाला ओळख पटून वीस वर्षं व्हायच्या आत तो कुणाच्या तरी बॅगेत बसून मुंबईला पोचला.

आता सांगा, साप इराणचा, दुसरा इंडोनेशियाचा, विमान थायलंडचं, पकडले मुंबईत. परत पाठवायचे तर कुठे?

आपल्याकडे अशा जिवंत विदेशी प्राण्यांच्या बाबतीत अनेकदा एकच गोष्ट केली जाते: ज्या देशातून विमान निघालं त्या देशात, बहुधा त्याच विमान कंपनीच्या विमानाने, परत रवानगी. यामागे कारणही आहे. रोगराईची तपासणी न झालेला, आयातीचा कागद नसलेला प्राणी देशात ठेवून घेणं धोक्याचं असतं. पण विमान जिथून निघालं तो देश त्या प्राण्याचं घर असतोच असं नाही. थायलंड बऱ्याचदा फक्त बाजारपेठ असते, नाहीतर रस्त्यातला थांबा. चोरीची गाडी जिथल्या भंगारवाल्याकडून उचलली, त्याच गल्लीत परत नेऊन लावावी, असा प्रकार होतो कधी कधी.

हे असं का होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार ठरला. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ‘साइट्स’ म्हणतात. धोक्यात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर लगाम घालणारा हा करार १ जुलै १९७५ पासून लागू झाला. भारत १९७६ मध्ये सदस्य झाला. यात तीन याद्या आहेत, त्यांना परिशिष्टं म्हणतात. पहिल्या परिशिष्टात वाघ, गोरिला, ओरांगउटान असे प्राणी. जंगलातून धरून त्यांचा धंदा करायला बंदी. दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्यांचा व्यापार करता येतो, पण परवाने लागतात.

या कराराच्या आठव्या कलमात पकडलेल्या जिवंत प्राण्याचं काय करायचं ते लिहिलंय. अर्थ असा: ज्या देशाने तो प्राणी निर्यात केला, त्या देशाशी बोलून, त्या देशाच्या खर्चाने, तो तिकडे परत पाठवा, नाहीतर एखाद्या आश्रयकेंद्रात किंवा योग्य वाटेल अशा दुसऱ्या ठिकाणी ठेवा. यातले दोन शब्दप्रयोग पुन्हा वाचा. ‘निर्यात केला’ आणि ‘त्या देशाच्या खर्चाने’. प्राणी जन्माला कुठे आला याचा पत्ता नाही, माल कुठून सुटला एवढंच. आणि ज्याच्याकडून चोरी झाली त्यानेच गाडीभाडं भरून चोरीचा माल सोडवून न्यायचा. बहुतेक वेळा हे देश गरीब असतात. १९७३ मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे साधा सरळ व्यापार असावा: एका बंदरात चढवलं, दुसऱ्या बंदरात उतरवलं. दोन-तीन देशांचे कागद बदलत फिरणारा माल त्यांना दिसला नसावा.

तो माल कसा फिरतो आणि परत आणताना काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘तैपिंग फोर’.

मलेशियाच्या पेराक राज्यात तैपिंग नावाचं गाव आहे, तिथे जुनं प्राणिसंग्रहालय आहे. जानेवारी २००२ मध्ये तिथे गोरिलाची ४ पिल्लं दाखल झाली. एक नर, तीन माद्या. ती आली होती नायजेरियातून, जोहान्सबर्गमार्गे. सोबत साइट्सचे रीतसर कागद. त्यावर लिहिलेलं की ही पिल्लं नायजेरियातल्या इबादान विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यात जन्मलेली आहेत. हे वाक्य महत्त्वाचं. जंगलातून धरलेला गोरिला विकता येत नाही, पण पिंजऱ्यात जन्मलेला असेल तर करारात त्याच्यासाठी वेगळी, ढिली वाट आहे.

आता गंमत बघा. इबादानच्या त्या संग्रहालयात गोरिला होता किती? एक. म्हातारी मादी. नर नव्हताच. एकट्या म्हाताऱ्या मादीला एकाच वयाची चार पिल्लं कशी झाली, हा प्रश्न कागदावर सही-शिक्का मारणाऱ्या कुठल्याही टेबलावर कुणी विचारला नाही. नायजेरियात परवाना देणाऱ्याने नाही, मलेशियात परवाना घेणाऱ्याने नाही. कागद पूर्ण होता ना, मग झालं. तहसील कचेरीत ज्यांनी कधी फेरफार नोंदवून घेतलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

ती पिल्लं मुळात आली कुठून? नायजेरियात जे थोडेसे जंगली गोरिला उरलेत ते क्रॉस रिव्हर नावाच्या वेगळ्या उपजातीचे. ही चार पिल्लं पश्चिमेकडच्या सखल जंगलांत राहणाऱ्या उपजातीची. सगळा संशय शेजारच्या कॅमेरूनकडे जात होता. गोरिलाचं पिल्लू धरायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आई पिल्लाला सोडत नाही आणि कळपाचा मोठा नर मागे हटत नाही. त्यामुळे आधी आईला गोळी, मग आडव्या येणाऱ्यांना. मोठ्यांचं मांस बाजारात जातं, पिल्लू दलालाकडे. चार पिल्लं मलेशियात पोचली, म्हणजे जंगलात किती मेले असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

प्रकरण बाहेर काढलं ते माकडवर्गीय प्राण्यांसाठी काम करणाऱ्या ‘इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग’ या छोट्या संस्थेने. तिच्या संस्थापक शर्ली मॅकग्रील. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या थायलंडमध्ये राहत होत्या, बँकॉकच्या विमानतळावर परदेशी निघालेली माकडांची खोकी त्यांनी पाहिली आणि १९७३ मध्ये ही संस्था काढली. पन्नास वर्षांपूर्वीही बँकॉकच विमानतळ, बरं का.

या बाईंचा आपल्याशीही संबंध आहे, तो इथे सांगतोच. त्या काळी भारतातून अमेरिकेला लाल तोंडाची माकडं जात. पोलिओच्या लसीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, म्हणून १९५०च्या दशकात वर्षाला ही संख्या लाखाच्या घरात गेली होती. करार असा होता की वापर वैद्यकीय कामासाठीच होईल. मग उघड झालं की अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेत माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग चाललेत. मॅकग्रील यांनी भारतीय वर्तमानपत्रांना आणि पंतप्रधानांना लिहिलं. १९७८ मध्ये भारताने माकडांची निर्यात बंद केली. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे मोरारजींबद्दल आपल्या घरांत काय बोललं जातं ते माहीत आहे, मीही तेच ऐकत मोठा झालो. पण अमेरिकेचा दबाव असताना ही बंदी त्यांनी आणली आणि टिकवली, हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

असो. परत तैपिंगला.

बोभाटा झाल्यावर मलेशिया सरकारने पिल्लं जप्त करायचं मान्य केलं. इथपर्यंत ठीक. मग प्रश्न आला, द्यायची कुणाला? नायजेरिया म्हणजे निर्यात करणारा देश, कलमाप्रमाणे तिकडे. पण ज्या देशातल्या कचेरीने खोटा कागद दिला तिथे परत पाठवायचं? कॅमेरून म्हणत होता, आमच्या जंगलातले आहेत, आम्हाला द्या. त्यांच्याकडे लिंबे या समुद्रकाठच्या गावात सरकार आणि एका संस्थेने मिळून चालवलेलं आश्रयकेंद्र होतं, तिथे आधीपासून गोरिला होते. आफ्रिकेतल्या आश्रयकेंद्रांचा संघही कॅमेरूनच्या बाजूने.

दोन वर्षं पत्रापत्री चालली. आणि एप्रिल २००४ मध्ये मलेशियाने पिल्लं पाठवली दक्षिण आफ्रिकेला, प्रिटोरियाच्या प्राणिसंग्रहालयात! ज्या देशात गोरिला कधी नव्हताच, आणि ज्या देशातून ही पिल्लं जाताना फक्त विमान बदलून गेली होती. तिथे सोयी चांगल्या आहेत, डॉक्टर आहेत, असं कारण. कलमाच्या भाषेत हे बसतंही: ‘योग्य वाटेल अशा दुसऱ्या ठिकाणी’. योग्य कुणाला वाटेल, तर ज्याच्या ताब्यात माल आहे त्याला.

मला या सगळ्या कथेतला हा टप्पा सगळ्यात जास्त खटकतो. इथे कुणी तस्कर नाही. तिन्ही बाजूंना सरकारं, नामांकित संस्था, शिकलेले अधिकारी. प्राणी सुटला, पण सुटून दुसऱ्या देशाच्या पिंजऱ्यात, तिकीट काढून बघायला येणाऱ्या लोकांपुढे गेला. आणि जे आम्हाला सांभाळता येतं ते तुम्हाला येणार नाही, हा सूर. आपल्याकडच्या मूर्ती आणि शिलालेख परदेशी संग्रहालयांत ठेवताना हेच ऐकवतात.

कॅमेरूनने मात्र पिच्छा सोडला नाही. त्यांच्या सरकारने मागणी लावून धरली, संस्थांनी वाहतुकीच्या खर्चाची जबाबदारी उचलली, दक्षिण आफ्रिकेतही या विषयावर दबाव वाढला. शेवटी प्रिटोरियाने हात सोडला आणि ३० नोव्हेंबर २००७ ला ती चौघं नैरोबीमार्गे कॅमेरूनच्या दुआला शहरात उतरली, तिथून लिंबेला गेली. आईवेगळी झालेली पिल्लं एव्हाना चांगली दांडगी झाली होती. आफ्रिकेतून मलेशिया, मलेशियातून दक्षिण आफ्रिका, तिथून कॅमेरून. पाच वर्षं दहा महिने. सदस्य चारही देश एकाच कराराचे.

लिंबे म्हणजे जंगल नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. कुंपण आहे, माणसं खायला देतात. लहानपणी आईशिवाय वाढलेला गोरिला असा उचलून जंगलात सोडता येत नाही. पण तिथे स्वतःच्या जातीचा कळप आहे, आणि ज्या देशाच्या रानातून त्यांना उचललं असावं तोच देश त्यांचा सांभाळ करतोय.

कॅमेरूनचं प्रकरण चालू असतानाच आशियात एक परतपाठवणी जरा बरी झाली. बँकॉकजवळच्या एका प्राणिउद्यानात ओरांगउटानांना हातमोजे घालून बॉक्सिंगचे खेळ करायला लावत. उद्यानाचं म्हणणं तेच, आमच्याकडेच जन्मलेत. डीएनए तपासणीत ते टिकलं नाही. इंडोनेशियाने मागणी लावून धरली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ४८ ओरांगउटान बोर्निओला परत गेले. तिथे फरक पडला तो डीएनएने. कागद काहीही बोलतो, रक्त बोलत नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण या व्यापारात आपण फक्त वाटेतला थांबा नाही, आपलाही माल चोरीला जातो.

स्टार कासव बहुतेकांनी पाहिलंय. काळी पाठ, त्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. हे जमिनीवरचं कासव, कोरड्या झुडपी रानात राहतं. एक वस्ती गुजरात-राजस्थानात आणि पाकिस्तानच्या सिंधमध्ये, दुसरी आंध्र-तमिळनाडू-कर्नाटकच्या बाजूला, तिसरी श्रीलंकेत. दिसायला सुंदर, आवाज नाही, वास नाही, पायमोज्यात गुंडाळून ठेवलं की तासन् तास हलत नाही. तस्कराला आणखी काय पाहिजे? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५,००० कासवं रानातून उचलली जात होती. पुढे चेन्नईसारख्या विमानतळांवरून थायलंड, मलेशिया, सिंगापूर.

नोव्हेंबर २०१८ मध्ये यातली ५१ कासवं सिंगापूरहून विमानाने बेंगळुरूला परत आली. सिंगापूरची ‘एकर्स’ ही संस्था, आपल्याकडची ‘वाइल्डलाइफ एसओएस’ आणि कर्नाटक वनविभाग यांनी मिळून ते जमवलं. दोन्ही देशांचे परवाने, प्रत्येक कासवाची आरोग्य तपासणी, आल्यावर पुन्हा विलगीकरण, मग हळूहळू रानाची सवय. ५५,००० पुढे ५१ म्हणजे काहीच नाही असं कुणी म्हणेल, आणि हिशेबाने ते खरं आहे. पण या ५१ साठी जी साखळी बसली, ती आधी नव्हती.

त्यातही एक अडचण असते. पिंजऱ्यातल्या कासवाला चुकीचं खायला घातलं की त्याची पाठ वाकडीतिकडी, टेंगळांची होते, ती आयुष्यभर तशीच राहते. शिवाय गुजरातचं कासव आणि आंध्रचं कासव दिसायला सारखं असलं तरी रक्त वेगळं. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये यांच्या डीएनएवर काम झालंय. जप्त कासव दिसेल त्या माळावर सोडलं तर दोन वेगळ्या वस्त्यांची सरमिसळ होते, आजारही जातात. म्हणजे ‘भारतात परत’ एवढं पुरत नाही, भारतात कुठे हेही लागतं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, जिनिव्हाच्या साइट्स परिषदेत भारत, श्रीलंका, बांगलादेश आणि सेनेगल यांच्या प्रस्तावावरून स्टार कासव दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेलं. व्यापाराचा दरवाजा बंद. फक्त ती एक फट राहिली, तैपिंगची: ‘पिंजऱ्यात जन्मलेलं’.

ही फट आपल्या घरातही आहे. जून २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सांगितलं की सहा महिन्यांत स्वतःहून नोंद करा, तो प्राणी कुठून आणला याचे कागद मागणार नाही. हेतू चांगला होता, देशात काय काय आहे ते तरी कळावं. पण ज्याला आजचं पिल्लू कालचं दाखवायचंय त्याची सोय झालीच. वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिने साइट्स पहिल्यांदा आपल्या कायद्यात आणला. १९७६ मध्ये सही केलेला करार देशाच्या वन्यजीव कायद्यात यायला ४७ वर्षं! २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता आफ्रिकन ग्रे पोपट पाळणाऱ्याला ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते, पिल्लू झालं तरी कळवावं लागतं. नोंदवलेलं पिल्लू खरंच त्या जोडीचं आहे का, हे डीएनए न तपासता कोण सांगणार? इबादानच्या म्हातारीसारख्या किती माद्या आपल्या पोर्टलवर बाळंत होत असतील, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी अधिकाऱ्यांना विचारणार आहे.

मुंबईला पकडलेल्या प्राण्यांसाठीही माझं म्हणणं तेवढंच. विमान सुटलेल्या देशात पाठवायचं असेल तर पाठवा, पण त्याच्या आधी प्राणी मूळचा कुठला आहे ते ठरवा, त्या देशाला कळवा, त्याचं म्हणणं येऊ द्या. तोवर ठेवायला राज्यात विलगीकरणाची नीट जागा हवी. कॅमेरूनला हे मागायला जवळपास सहा वर्षं लागली, आपण न मागता करू शकतो.

आता आपल्या गावापुरतं. लकी म्हणून स्टार कासव घरात, दुकानाच्या गल्ल्याखाली किंवा काचेच्या पेटीत ठेवणारे आपल्याकडे आहेत, नावं घेत नाही. ते बाळगणं गुन्हा आहे. ही पोस्ट वाचून कुणाला परत करायचं असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, नाहीतर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात नेऊन द्या. पुण्य म्हणून मंदिराच्या कुंडात किंवा विहिरीत सोडू नका. ते जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही, बुडून मरतं.